मागची भिंत फोडून खोली वाढवायची आहे. माडीच्या कड्यांना आधार कसा द्यावा? (महाल, नागपूर)

महालची_लेक

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील दिले नाहीत तर उत्तरंही मोघम येतील, म्हणून सगळं लिहिते.

आमचं घर महालात, आजोबांनी १९४१ साली बांधलेलं. खाली एकामागे एक तीन खोल्या, वर माडी, माडीवर पूर्वी कवेलू होते, आता टिनाचे पत्रे आहेत. भिंती १४ इंची. वीट पक्की आहे पण जोडणी मातीतली, वरून चुन्याचा गिलावा. माडीची जमीन सागवानी कड्यांवर, म्हणजे आडव्या लाकडी तुळयांवर, आहे. कडी ३ बाय ५ इंचांची, दर १५ इंचांवर एक. कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चारेक इंच माती-मुरूम, त्यावर शहाबादी फरशी. सर्वांत मागच्या खोलीवर अशा ११ कड्या आहेत, १० फुटी. त्यांचं एक टोक मधल्या भिंतीत आणि दुसरं मागच्या भिंतीत शिरलेलं आहे.

आणि नेमकी तीच मागची भिंत फोडायची आहे.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. दिवाळीच्या आधी पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चालतात, जिना त्यांना कायमचा बंद झाला. म्हणून मागच्या अंगणात १० बाय १२ ची खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम काढायचं ठरवलं. भावाचं म्हणणं, एवढं करतोच आहोत तर वरही खोली घेऊ आणि माडीच्या पातळीतच तिची जमीन आणू.

कंत्राटदार येऊन पाहून गेला. त्याचं म्हणणं असं: मागच्या भिंतीला आठ फुटांचा गाळा (मोकळी वाट) काढू, वर १५० चे (१५० मिलिमीटर उंचीचे) दोन लोखंडी गर्डर टाकू, तोवर कड्यांना खालून बल्ल्यांचे टेकू देऊ. नव्या खोलीचा स्लॅब जुन्या भिंतीत चार इंच खाच मारून तिथेच बसवू. भिंतीचं काम दोन दिवसांचं. मी विचारलं की वरची भिंत, कड्या, पत्रे हा सगळा भार त्या दोन गर्डरवर येईल ना, त्याचा हिशोब केला का? तो म्हणाला, ताई, अशी पन्नास घरं केली.

पन्नास घरं केली असतील. मला या एका घराची काळजी आहे, कारण वर माझी आई झोपते आणि खाली बाबा.

मी व्हिडिओही पाहिले. अमेरिकेतल्या एका घराला खोली जोडताना त्यांनी जुन्या भिंतीला एक लांब लाकडी पाट बोल्टांनी घट्ट बसवला आणि नव्या कड्या लोखंडी खोबण्यांत त्या पाटाला अडकवल्या. सुबक वाटलं. आपल्याकडे तसं करता येईल का?

आणखी एक. माडीवर मागच्या भिंतीजवळ फरशीच्या सांध्यात करंगळी जाईल एवढी फट पडली आहे. जमिनीवर गोटी ठेवली की ती उजव्या कोपऱ्याकडे घरंगळते. लहानपणी अशी घरंगळत नव्हती, हे मी खात्रीने सांगू शकते, कारण त्याच खोलीत आम्ही बहिणी गोट्या खेळायचो.

कुणी असं काम केलं असेल किंवा जाणकार असेल तर कृपया सांगा.

---

इतवारी_भाऊ

ताई, गर्डर-बिर्डरचं नंतर पाहा. आधी कड्यांची टोकं उघडून पाहा.

आमच्या घरी इतवारीत हेच झालं होतं. खालून पाहिलं तर कडी लोखंडासारखी. ठोकली तर टणटण वाजे. भिंत उघडली तर आतला नऊ इंचांचा तुकडा मुठीत चुरा होऊन आला. म्हणजे कडी भिंतीवर नव्हती, गिलाव्यावर अडकून होती! मिस्त्रीनं टेकू न लावता बाजूची वीट काढली आणि कडी चार इंच खाली आली, फरशीसकट. कुणाला लागलं नाही, पण आईनं त्या दिवशी स्वयंपाक केला नाही, नुसती बसून राहिली.

वर मागच्या भिंतीला कूलर आहे का तुमच्या?

---

महालची_लेक

आहे. उजव्या बाजूच्या खिडकीत, लोखंडी घोडीवर. १९९६ पासून तिथेच आहे. उन्हाळ्यात टाकी भरताना पाणी सांडतं, भिंतीवर ओघळ दिसतात. दर वर्षी आम्ही चुना मारतो.

तुम्ही कूलरचं विचारलं आणि माझ्या पोटात गोळा आला. गोटी त्याच कोपऱ्याकडे जाते.

---

निवृत्त_उपअभियंता

ताई, मी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं नागपुरातच. जुन्या इमारतींच्या दुरुस्त्या पुष्कळ पाहिल्या. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण भाराचा हिशोब घरमालकानं विचारायला हवा आणि तो फार थोडे विचारतात.

इतवारीच्या भाऊंनी कूलरचं बरोबर धरलं. सागवान हवेत शंभर वर्षं टिकतं, पण भिंतीत जिथे शिरतं तिथे त्याला हवा नसते आणि भिंत ओली असेल तर ओल थेट लाकडाच्या कापल्या टोकातून आत चढते. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून लोक समजतात की नागपुरात लाकूड कुजत नाही. पण कूलरनं आपण त्या भिंतीला मार्च ते जून पाणी पाजतो आणि लगेच पावसाळा लागतो. तिला वाळायला वेळच मिळत नाही. वाळवीही ओलीच्या मागोमाग येते.

तपासायला भिंत फोडायची गरज नाही. सुताराकडून बारीक गिरमिट घ्या. कडी भिंतीला जिथे भिडते तिथे, भिंतीच्या दिशेनं तिरकं भोक पाडा. भुसा तपकिरी, कोरडा, सागाचा वास असलेला आला तर टोक चांगलं. काळा, मऊ किंवा ओलसर आला, किंवा गिरमिट एकदम आत घुसलं, तर टोक गेलं. अकराच्या अकरा कड्या तपासा, गाळ्यावरच्या सहाच नव्हे.

आता भार. मोजून दाखवतो, म्हणजे कंत्राटदाराशी बोलताना तुमच्या हाती काही असेल.

माडीच्या जमिनीचं स्वतःचं वजन: चार इंच माती-मुरुमाचे दर चौरस मीटरला साधारण १८० किलो, फरशीचे ६५, फळ्या आणि कड्यांचे ३० च्या आसपास. म्हणजे पावणेतीनशे किलो तर रिकाम्या खोलीचेच. राहत्या घरात माणसं-सामानासाठी भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. एकूण सुमारे ४८०. कडीचा निम्मा भार मागच्या भिंतीवर येतो, तेव्हा भिंतीच्या दर मीटरला सातशे किलोंच्या वर. त्याच्या वर माडीची स्वतःची १४ इंची भिंत, नऊ फूट उंच: दर मीटरला १८०० किलो. पत्रे, लाकूड धरून आपण ३ टन प्रति मीटर समजू. आठ फुटांच्या गाळ्यावर हे सव्वासात टन होतात.

१५० चे दोन गर्डर हा भार तोलतील का? तुटणार नाहीत. पण आठ फुटांवर, टेकणीची (भिंतीवर टेकलेल्या टोकांची) लांबी धरून, मध्ये सुमारे ७ मिलिमीटर झोल येईल. लोखंडाला त्याचं काही नाही, मातीत जोडलेल्या विटांच्या भिंतीला मात्र ते सोसत नाही. माडीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातील. २०० चे दोन घेतले तर झोल दोन-सव्वादोन मिलिमीटरवर येतो.

पण त्याआधी मला एक विचारायचं आहे. आठ फूट कशाला हवेत? बाबांना वॉकर घेऊन जायला-यायला, उद्या चाकाची खुर्ची लागली तर तिलाही, चार फुटांचं दार भरपूर झालं. झोल हा अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. अंतर निम्मं केलं की झोल सोळावा हिस्सा. तुमच्या बाबतीत टेकणी धरून अंतर निम्म्याच्या थोडं वर राहील, तरी तेच १५० चे गर्डर पाऊण मिलिमीटरसुद्धा वाकणार नाहीत. शिवाय मातीच्या भिंतीत आठ-दहा फूट लांब खाच मारणं हेच मुळात जोखमीचं काम आहे. पाच-साडेपाच फुटांची खाच वरची वीट आपल्या कमानीनं बऱ्यापैकी तोलून धरते, मात्र बरोबर वर खिडकी नसली पाहिजे.

टेकूंबद्दल. बल्ल्या नकोत, सेंट्रींगवाल्याकडून आट्याचे लोखंडी प्रॉप (आटा फिरवून उंची कमी-जास्त होणारे टेकू) भाड्यानं आणा. भिंतीपासून दोन-अडीच फूट आत, भिंतीला समांतर, सगळ्या ११ कड्यांखाली एक जाड आडवं लाकूड आणि त्याखाली पाच प्रॉप. प्रॉपच्या पायाखालीही लांब फळी, फरशीच्या एका तुकड्यावर प्रॉप उभा करू नका. आणि महालातलं जुनं घर आहे, खाली पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) नाही ना, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. नसेल आठवत तर पहारीनं जमीन ठोकून पाहा. बुजवलेल्या पेवावर टेकू उभा केला की तो टेकू नाही.

माडीची ती खोली पूर्ण रिकामी करा. कपाट, पलंग, धान्याची कोठी, सगळं. प्रॉपचा आटा आवळायचा तो कडीला भिडून भार घेईपर्यंत, कडी उचलायची नाही. ऐंशी वर्षं जी कडी हळूहळू बसली तिला एका दुपारी वर ढकलाल तर फरशी आणि भिंत दोन्ही तडकतील.

मग खाच. भिंत १४ इंची आहे ही सोय आहे. आधी बाहेरच्या अंगानं अर्धीच जाडी कोरायची. दोन्ही टोकांना काँक्रीटचे ठोकळे, भिंतीच्या लांबीत दीड फूट तरी. तेव्हाच तिथली मातीतली वीट चिरडणार नाही. ठोकळे पिकू द्या. त्यावर पहिला गर्डर सरकवा, वरच्या विटेशी जी फट राहील तिच्यात लोखंडी पाचरी आणि कमी पाण्याचा घट्ट सिमेंट-मसाला ठोसून भरा. सात दिवस हात लावू नका. मग आतल्या अंगानं दुसरी अर्धी, दुसरा गर्डर. दोन्ही बोल्टनी एकमेकांना बांधा. तेही सात दिवस. त्यानंतरच खालची भिंत काढायची. हे दोन दिवसांचं काम नाही, साधारण महिन्याचं आहे.

व्हिडिओतला पाट: ती घरं लाकडी सांगाड्याची असतात. पाट बोल्टनी त्या सांगाड्याच्या जाड लाकडात धरला जातो, भार लाकडातून लाकडात जातो. आपल्या मातीच्या जोडणीत बोल्ट धरत नाही, वीट सुटून हाती येते. तो विचार सोडा.

माझे आकडे अंदाजाचे आहेत. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. मनपाकडे वाढीव बांधकामाचा नकाशा मंजूर करून घ्यावाच लागेल, त्यासाठीही तो हवाच.

---

बेसा_रोड

काकांनी भिंतीचं सांगितलं, मी नव्या खोलीच्या पायाचं सांगतो, कारण त्यात आम्ही पोळलो.

आमचं घर पंधरा वर्षं जुनं, आरसीसीचं, काळ्या मातीत. मागे खोली वाढवली. मे महिन्यात पाया खोदला, जमीन भेगाळलेली, दगडासारखी. चार फुटांवर थांबले. मुरूम लागलाच नाही, पण कंत्राटदार म्हणे जमीन कडक आहे. नवा स्लॅब जुन्या बीमला जोडून टाकला, तुमच्या माणसाला करायचं आहे तसंच. पावसाळ्यात काळी माती फुगली, खोली वर आली. उन्हाळ्यात आटली, खोली खाली गेली. जुनं घर मुरमावर, ते हललं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात जोडावरच्या भेगेत पाच रुपयाचं नाणं उभं मावत होतं. दरवाजा जून ते ऑक्टोबर लागायचा नाही.

शेवटी स्लॅब जोडावर कापून दोन्ही घरं वेगळी केली. तो खर्च आणि ती धूळ आठवली की अजून त्रास होतो. नवं बांधकाम जुन्या भिंतीवर टेकवूच नका. त्याचे खांब वेगळे, पाया वेगळा, मध्ये इंचभर फट.

---

निवृत्त_उपअभियंता

बेसा रोडवाल्यांशी शंभर टक्के सहमत. काळ्या मातीतली एक विशिष्ट चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात ती दगडासारखी लागते हाच धोका. खोल काळी माती असेल तर साडेतीन मीटरपर्यंत हा फुगण्या-आटण्याचा खेळ चालतो, म्हणून तिथे पाया त्याच्या खाली न्यायचा किंवा कांद्यासारखा बुड असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घालायचे. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं आपल्या देशातल्या अशाच जमिनींसाठी विकसित केली.

नागपुरात मात्र वाड्यावाड्यात जमीन बदलते. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची, त्या अंगाला मुरूम लवकर लागतो. पूर्वेकडे खडकच वेगळा. त्यामुळे शेजाऱ्याच्या पायावरून आपला ठरवू नका. अंगणात एक खड्डा खणून पाहा आणि त्याच वेळी जुन्या भिंतीचा पाया किती खोल आहे तेही पाहा. नवा पाया जुन्याच्या तळाखाली जाणार असेल तर त्याला अगदी खेटून खणू नका. जुन्या पायाखालची माती सुटेल. नवे खांब तीन-चार फूट मागे घ्या आणि स्लॅबचा पुढचा भाग खाली खांब न देता, तोलून जुन्या भिंतीपर्यंत आणा, भिंतीला न लावता.

---

महालची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गिरमिट फिरवलं. ओळखीच्या सुतारदादांना बोलावलं होतं, मी शिडीखाली कागद धरून उभी होते, प्रत्येक कडीचा भुसा वेगळ्या पुडीत, पुडीवर आकडा.

डावीकडून १ ते ७: तपकिरी, कोरडा, वास इतका ताजा की दादा म्हणाले, ताई, हे बल्लारशाचं जुनं सागवान दिसते. आठवी: भुसा बरा, पण शेवटी काळपट. नववी, दहावी, अकरावी: काळा चुरा. दहावीत गिरमिट जोर न लावताच आत गेलं. तिन्ही कूलरच्या खिडकीखालच्या आहेत.

जो गाळा फोडायचा होता तो डावीकडे, जिथे सध्या मागचं दार आहे. म्हणजे कंत्राटदारानं त्याच्या पद्धतीनं काम केलं असतं तर टेकू फक्त डाव्या कड्यांना लागले असते. उजवीकडच्या या चार कड्यांकडे कुणी पाहिलंही नसतं. वरून नवा गिलावा झाला असता आणि आईचा पलंग पुन्हा त्याच कोपऱ्यात गेला असता.

पलंग आजच पुढच्या खोलीत हलवला. कपाट रिकामं करून चौघांनी खाली आणलं.

चार फुटांच्या दाराबद्दल बाबांनाच विचारलं. त्यांनी वॉकर दारात आडवा धरून दाखवला आणि म्हणाले, मला तीन पुरेत, पण उद्या मला खुर्चीवरून कुणी ढकलेल तर त्याच्या कोपरांना जागा ठेवा. ठरलं, चार. सध्याचं दार पावणेतीन फुटांचं आहे, तेच रुंद करायचं. वर खिडकी नाही. पेवाचंही त्यांनाच विचारलं. पेव होतं, पण पुढच्या खोलीत, आजोबांनीच मुरूम ठोकून बुजवलं.

आता प्रश्न असा की या कुजलेल्या टोकांचं काय करू? सगळ्या कड्या बदलायच्या म्हटलं तर माडीची अख्खी जमीन उचलावी लागेल.

---

रंधा_पटाशी

बदलू नका ताई. तशा कड्या आता मिळत नाहीत. आमचं तीन पिढ्यांचं सुतारकाम आहे, कुजलेल्या टोकाला जोड देणं हे आम्ही बापाजवळ पहिल्यांदा शिकलो.

टेकू लावल्यावर, भिंतीपासून मागे मागे येत दर सहा इंचांवर गिरमिट मारा. जिथे स्वच्छ भुसा येईल तिथून आणखी एक फूट मागे खूण करा आणि तिथे कापा. चांगलं लाकूड गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, कुजकट तंतू आत राहिला तर तो पुढे सरकतो.

मग कडीच्या दोन्ही गालांना सागाच्या दोन पट्ट्या लावायच्या. उंची कडीएवढीच पाच इंच, जाडी दोन इंच. जुन्या कडीवर अडीच-तीन फूट चढल्या पाहिजेत, पुढे भिंतीत जाऊन टेकल्या पाहिजेत. १२ मिलिमीटरचे बोल्ट, चार तरी, एका रेषेत नाही, वर-खाली असे. एका रेषेत मारले की लाकूड त्या रेषेत फाटतं. दोन्हीकडे मोठे चौकोनी वॉशर. खिळे नाही चालत, कितीही लांब असले तरी.

लाकूड नवं कापलेलं घेऊ नका. उन्हाळा तोंडावर आहे, ओलं सागवान मे महिन्यात आकसून बोल्ट ढिले पडतात. जुन्या घरांचं उतरवलेलं लाकूड विकणारे आहेत, त्यांच्याकडून वाळलेली कडी घ्या आणि चिरून घ्या. घेताना खिळ्यांची भोकं पाहा, काठाला वाळवीच्या मातीच्या नळ्या पाहा.

आणि भिंतीतली टेकणी. हे नीट ऐका, मिस्त्री इथेच चुकतो. टोकाखाली शहाबादीचा एक सपाट तुकडा बसवा. टोकाला डांबर लावा. पण टोकाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे अर्धा-अर्धा इंच मोकळी हवा ठेवा. सिमेंटनं भरू नका! मिस्त्री दिसायला छान म्हणून सिमेंटनं गच्च भरतो, मग ओल आली की तिला वाट नाही, दहा वर्षांत पुन्हा तेच. आजोबांच्या काळच्या माणसानं चुना-मातीत बसवली होती, ती भिंत श्वास घेत होती, म्हणून ती इतकी वर्षं टिकली.

आठव्या कडीलाही जोड द्या. काळपट म्हणजे सुरुवात आहे.

---

महालची_लेक

दादा, तुमचं उत्तर मी कागदावर उतरवून मिस्त्रीच्या आणि सुताराच्या, दोघांच्या हाती दिलं.

कुठवर आलं ते सांगते.

कंत्राटदार बदलला. पहिल्यानं महिन्याचं वेळापत्रक ऐकून नकार दिला. स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेले, त्यांनी काकांचे आकडे पाहिले आणि भार थोडा वाढवून धरला, कारण डाव्या भिंतीवर पाण्याची टाकी आहे जी मी सांगायलाच विसरले होते. गर्डर १५० चेच राहिले. खड्डा खणला: मुरूम साडेपाच फुटांवर, जुना दगडी पाया पावणेचार फुटांवर संपतो. म्हणून नवे खांब जुन्या भिंतीपासून चार फूट दूर घेतले, स्लॅब तोलून पुढे येईल आणि मध्ये इंचाची फट राहील. भावाला ती फट पटत नव्हती, पावसाचं पाणी शिरेल म्हणून. इंजिनिअरांनी वरून पत्र्याची झालर दाखवली, एक कड जुन्या भिंतीत, दुसरी नव्या कठड्यावर मोकळी, दोन्ही घरं आपापली हलली तरी ती फाटणार नाही.

चारही टोकांना जोड दिला. दहाव्या कडीचा कुजका तुकडा मी ठेवला आहे. वजनच नाही त्याला, भाजक्या मक्याच्या कणसासारखा. भिंतीतली त्या जागची वीटही ओली निघाली, फेब्रुवारीत!

पहिला गर्डर बसून सात दिवस झाले, दुसरा परवा बसेल. पाचही प्रॉप जागेवर आहेत. मिस्त्री म्हणतो दार फोडलं की लगेच काढू, खोलीत अडचण होते. काढायचे का?

---

निवृत्त_उपअभियंता

नाही. दुसऱ्या गर्डरचे सात दिवस, मग दार फोडणं, मग आणखी दोन दिवस नुसतं पाहायचं. मगच प्रॉप, आणि तेही एकेक करून पूर्ण काढायचे नाहीत. पाचही प्रॉपचे आटे आळीपाळीनं पाव-पाव फेरा ढिले करा. सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक. कान देऊन ऐका. लाकूड आपल्या जागी बसताना थोडं कुरकुरतं, ते ठीक. मोठा कडाका आला तर जिथे आहात तिथे थांबा आणि परत आवळा.

भिंतीवर सध्या ज्या भेगा आहेत त्यांच्यावर आडव्या, अरुंद काचेच्या पट्ट्या दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. भेग केसभर जरी वाढली तरी काच तडकते.

आणि कूलर?

---

महालची_लेक

कूलर मागच्या भिंतीवरून कायमचा उतरवला. यंदा तो पुढच्या बाजूला, भिंतीपासून फूटभर लांब, स्वतःच्या लोखंडी घोडीवर राहील, घोडीचे पाय जमिनीवर. टाकी सांडली की पाणी नळीनं थेट नालीत.

दार गेल्या आठवड्यात फुटलं. चार फूट बरोबर. बाबा वॉकर घेऊन त्यातून अंगणात गेले, नव्या खांबांच्या सळ्यांपर्यंत, आणि परत आले.

प्रॉपचे आटे आज चौथ्यांदा ढिले केले. दहाव्या कडीचा जरा आवाज झाला, मग शांत. काचेच्या तीन पट्ट्या लावल्या होत्या, दोन माडीवर, एक खाली दाराच्या उजव्या कोपऱ्यात. आज सकाळपर्यंत तिन्ही शाबूत आहेत.